ओल आली कुठून?

"खोलीला कुबट वास येतो," असे सौ. दोन वर्षे म्हणत होती. तिचे माहेर चिपळूणचे. "हे शिरूर आहे. इथे पावसाचेच वांधे, ओल कुठली यायला?" असे म्हणून मी दर वेळी विषय मिटवत असे. आम्हा घोडनदीकरांना आपल्या कोरडेपणाचा एक छुपा अभिमान असतो. तालुका पर्जन्यछायेतला, बुरशी ही कोकणातली गोष्ट, अशी ठाम समजूत.

गेल्या श्रावणात तिचा खोकला महिनाभर हटेना. त्याच सुमारास मागे पडलेला चष्मा काढायला मी कपाट सरकवले, तर उत्तरेकडची भिंत कंबरेएवढ्या उंचीपर्यंत काळीहिरवी. कपाटाच्या तळाशी ठेवलेल्या माझ्या कादंबरीच्या हस्तलिखितावर पांढरी लव आलेली. खरे सांगतो, आधी मी कागद उचलले. कपाटाला लागूनच तिची उशी असते, हे नंतर लक्षात आले.

कंत्राटदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या. गच्चीला वॉटरप्रूफिंग केले, भिंतीला महागडा रंग दिला. सहा आठवड्यांत रंगावर पुन्हा काळे ठिपके! नळ गळत नव्हता, स्लॅब पाझरत नव्हता. मग बँकेतली जुनी सवय जागी झाली. ताळा लागत नसेल तर आधी आपल्याच नोंदी तपासाव्यात. काही शे रुपयांचे आर्द्रतामापक आणले. ऑक्टोबरअखेरच्या भर दुपारी गच्चीवर ४० टक्के आणि आमच्या निजायच्या खोलीत ७४.

म्हणजे ओल बाहेरून येत नव्हती, जमा आम्हीच करत होतो. दोन माणसे रात्रभराच्या श्वासाघामातून अर्धा लिटरभर पाणी हवेत सोडतात. खोलीतच दार उघडणारे न्हाणीघर, त्यातली सकाळची कढत वाफ. पावसाळ्यात खुर्च्यांवर वाळणारे कपडे. बादलीभर धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी उडते. उन्हाळाभर खिडक्या लावून चालवलेला कूलर. आणि खर्चाची बाजू? शून्य. धूळ आणि डासांच्या भीतीने सरकत्या काचा बारमाही बंद. बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून दव धरते, तसेच कपाटामागच्या गार भिंतीला धरते. तिथे वारा पोचत नाही आणि बुरशीला याहून जास्त काही लागतही नाही.

आमचे जुने धाब्याचे घर आठवते. त्याच्या मातीच्या जाड भिंती ओलावा पीत आणि परत देत, वर झरोका असे. (गोडवे गाणार नाही, ते गळायचे, आणि विंचूही निघायचे.) पण आजच्या फ्लॅटमधून दारावरचा व्हेंटिलेटर गेला, ही चैन नव्हे, चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच घरातली ओल आणि दमा यांचा संबंध मांडला. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी २०२० मध्ये दोन वर्षांचे मूल बुरशीने भरलेल्या घरात राहून दगावले. तक्रार केली तेव्हा बोट दाखवले गेले ते कुटुंबाच्या राहणीकडे. म्हणून माझ्या सवयी मी कबूल करतो, पण घराला पूर्ण माफी देत नाही. घर घेताना फरशीचा रंग विचारणाऱ्यांनी वारा कुठून शिरतो आणि कुठून निघतो, हेही विचारावे.

आता कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आहे. न्हाणीघराला थेट बाहेर वारा टाकणारा पंखा बसवला. आंघोळीनंतर तो वीस मिनिटे चालतो. दुपारी समोरासमोरच्या खिडक्या उघडतो. भिंत नाकाला मास्क लावून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसली. कोरडी घासली असती तर बुरशी खोलीभर उडाली असती. ब्लीचिंग पावडर वापरणाऱ्यांनी त्यात संडासचे ॲसिड चुकूनही मिसळू नये, विषारी वायू होतो. आकडा साठाच्या खाली राहतो.

खोकला कमी आहे, गेलेला नाही. हस्तलिखिताची वीसेक पाने टाकावी लागली. उरलेली उन्हात वाळवून मी तिच्यापुढे धरली. तिने वास घेतला आणि म्हणाली, "अजून येतोय."

या वेळी मी वाद घातला नाही. पाने पुन्हा गच्चीवर नेली.