मंदावलेल्या संगणकाचे आधी निदान करा

घरातला संगणक सुरू व्हायला पाच-पाच मिनिटे लागू लागली, काम करता करता हँग होऊ लागला, की घरोघरी एकच निदान ऐकू येते: ‘व्हायरस शिरला!’ मग कुणी इंटरनेटवरून फुकटचे अँटीव्हायरस उतरवून घेतो, भाचा येऊन त्यावर आणखी एक टाकतो आणि तरीही गुण आला नाही तर दुरुस्तीवाला ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणतो. त्या घाईत मुलांचे फोटो, घराचे कागद, आजोबांच्या तपासण्यांचे अहवाल सगळे पुसले जाते. आणि अनेकदा मूळ दुखणे व्हायरसचे नसतेच.

वैद्यकशास्त्राचा पहिला धडा असा की ताप हे लक्षण आहे. तो मलेरियात येतो, डेंग्यूत येतो आणि साध्या सर्दीतही येतो. रक्त न तपासता ताप दिसला की प्रतिजैविक देणे जसे चुकीचे, तसेच संगणक मंदावला की निदानाआधीच त्याला औषधे पाजणे चुकीचे. डिस्क काठोकाठ भरलेली असणे, मेमरी अपुरी पडणे, जुनी हार्ड डिस्क झिजणे, सुरू होतानाच दहा-बारा प्रोग्राम आपोआप उघडणे, पंख्यात धूळ साचून यंत्र तापणे, ही सगळी मंदपणाची नेहमीची कारणे आहेत. व्हायरस हे त्यांतले केवळ एक.

व्हायरसमुळे संगणक मंदावतो कसा, याचे उत्तम उदाहरण १९८८ सालचे आहे. त्या वर्षी २ नोव्हेंबरला अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने लिहिलेला एक प्रोग्राम इंटरनेटवर पसरला. शास्त्रीय भाषेत तो ‘वर्म’, म्हणजे स्वतःहून पसरणारा जंतू. नव्या संगणकात शिरण्यापूर्वी ‘इथे आपली प्रत आधीच आहे का’ हे तो विचारत असे. पण उत्तर ‘हो’ आले तरी सातांपैकी एकदा पुन्हा शिरत असे. त्यामुळे एकाच यंत्रात प्रतींवर प्रती साचल्या आणि यंत्रे अक्षरशः गुदमरली. त्या प्रोग्रामने फाइली पुसल्या नव्हत्या. नुसत्या संख्येनेच त्याने हजारो संगणक बंद पाडले. शरीरात जंतूंची संख्या वाढून रुग्ण गळून जावा, तसाच हा प्रकार.

आजचे जंतू मात्र बदलले आहेत. काही प्रोग्राम आपल्या यंत्राची ताकद चोरून दुसऱ्यासाठी आभासी चलन ‘खणत’ बसतात. त्यात संगणक मंदावतो, तापतो, वीजही जास्त लागते. पण पासवर्ड चोरणारे अनेक प्रोग्राम यंत्राचा वेग जराही कमी करत नाहीत. उच्च रक्तदाबाचा रुग्ण वर्षानुवर्षे ठणठणीत दिसतो, तसे हे. म्हणून मंद संगणक व्हायरसग्रस्तच असेल असे नाही आणि वेगवान संगणक निरोगीच असेल असेही नाही. दोन्ही गैरसमज सारखेच महाग पडतात.

मग निदान करायचे कसे? विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क कोण खात आहे, हे त्यात दिसते. ब्राउझरचे वीस टॅब उघडे असतील तर रोग सापडलाच. डिस्कमध्ये जागा किती उरली ते पाहावे. मात्र अनोळखी नावाचा प्रोग्राम सतत राबत असेल, ब्राउझरचे पहिले पान आपोआप बदलले असेल, अँटीव्हायरस स्वतःहून बंद पडत असेल किंवा पेनड्राइव्हमधले फोल्डर अचानक शॉर्टकट झाले असतील, तर संशय बळकट धरावा.

संशय आला की पहिले काम विलगीकरणाचे. इंटरनेट तोडावे आणि त्या संगणकाला लावलेला पेनड्राइव्ह दुसरीकडे लावू नये. महत्त्वाची कागदपत्रे आणि फोटो कोऱ्या बाह्य डिस्कवर उतरवावेत. प्रोग्राम उतरवू नयेत. ही डिस्कही तपासल्याशिवाय दुसऱ्या यंत्रात उघडू नये. मग विंडोजमध्येच असलेल्या सुरक्षा प्रोग्रामने संपूर्ण स्कॅन करावा. एवढ्याने न निघणाऱ्या व्हायरससाठी त्यातच ‘ऑफलाइन स्कॅन’ची सोय आहे. यात विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला जागा मिळत नाही. एकाच वेळी दोन अँटीव्हायरस चालवू नयेत. ते एकमेकांवरच संशय घेतात आणि यंत्र आणखी मंदावते. दोन डॉक्टरांची औषधे एकमेकांना न सांगता घेण्यासारखेच ते.

यानंतर ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन काढावीत. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून बदलावेत. एवढे करूनही लक्षणे परतली, तर फॉरमॅट करून मूळ विंडोज नव्याने टाकणे हा खात्रीचा उपाय आहे. पण तो शस्त्रक्रियेसारखा, शेवटचा, आणि कागदपत्रांची प्रत हाती असतानाच करायचा.

व्हायरसइतकाच धोका भोंदू वैद्यांचा आहे. पडद्यावर लाल चौकट येते, भोंगा वाजतो, ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा इशारा झळकतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. फोनवरचा गोड आवाज दूरवरून संगणक हाताळू देणारे ॲप टाकायला लावतो आणि खाते रिकामे करतो. मुले परगावी असलेले, एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक अशा सापळ्यात सहज अडकतात. अशा वेळी ब्राउझर बंद करावा आणि फोन करूच नये. पैसे गेलेच असतील तर तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. वेळ दवडला तर पैसे पुढच्या खात्यात सरकतात. आणि फसल्याची लाज बाळगू नये. लाजेपोटी लपवलेले दुखणे बळावतेच.

घरचा एक संगणक बिघडला तर समाजाला काय, असे वाटू शकते. पण बाधित संगणक दुसऱ्यांवरील हल्ल्यांसाठी परस्पर वापरले जातात आणि मालकाला पत्ताही नसतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या हजारो भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द करायला लावल्या. त्याला अडवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिली होती; अनेकांनी ती बसवली नव्हती. लस उपलब्ध होती, ती टोचून घेतली गेली नाही. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा नोंदणीपासून अहवालांपर्यंतचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले. रांगेतल्या रुग्णाला त्याचा किती त्रास झाला असेल, ते सांगायला नको.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेले ‘सायबर स्वच्छता केंद्र’ असे प्रोग्राम काढून टाकणारी साधने मोफत देते. पण फारच थोड्या घरांना त्याचे नाव ठाऊक आहे. डेंग्यूसाठी ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा’ ही मोहीम जशी गावोगावी पोहोचवली गेली, तशी सायबर स्वच्छतेची मोहीम शाळांतून, ज्येष्ठ नागरिक संघांतून आणि ग्रामपंचायतींतून राबवायला हवी. तोवर प्रत्येक घराने आठवड्यातला एक दिवस ठरवावा: अपडेट बसवायचे, स्कॅन चालवायचा, महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढायची. चोरीचे, ‘क्रॅक’ केलेले सॉफ्टवेअर टाकायचे नाही आणि झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह स्कॅन केल्याशिवाय उघडायचा नाही. पिंपातले पाणी ओतून द्यायला जेवढा वेळ लागतो, त्याहून थोडाच अधिक वेळ याला लागेल.