‘इम्युनिटी वाढवा’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा!

परवा शनिवारी नालासोपाऱ्याला एका मित्राकडे गेलो होतो. वय २९, आपल्यासारखाच आयटीवाला, रोज विरार लोकलला लटकणारा. टीबीच्या सहा महिन्यांच्या कोर्सचे दोन महिने नुकतेच संपलेत. खोकला थांबलाय, ताप गेलाय, वजन भरायला लागलंय. गडी खुशीत. आणि टेबलावर गोळ्यांच्या पाकिटाशेजारी एक चकचकीत डबा. वर लिहिलेलं, ‘इम्युनिटी बूस्टर’. किंमत बघून मलाच ठसका लागला.

डबा मावशींनी आणलेला. मावशींचं म्हणणं असं, की "तुझी प्रतिकारशक्ती कमी म्हणून हे झालं. आता बरं वाटतंय ना? मग त्या गोळ्या बंद कर, फार उष्ण पडतात. आतून ताकद आली की टीबी आपोआप पळतो." आणि आमचा इंजिनिअर मित्र यावर चक्क विचार करत होता!

मी भांडलो. पण मध्येच मावशींनी पोहे आणले आणि भांडण अर्धवट राहिलं. उरलेलं इथे पुरं करतो.

मंडळी, प्रतिकारशक्ती म्हणजे टीव्हीचा आवाज नव्हे, की बटण दाबलं आणि वाढला. निदान टीबीच्या बाबतीत तरी नाहीच नाही. फुफ्फुसात नक्की काय होतं ते एकदा बघा, म्हणजे त्या डब्यावरचं वाक्य किती पोकळ आहे ते कळेल.

टीबीचा रुग्ण खोकतो तेव्हा हवेत बारीक थेंब तरंगत राहतात. ते श्वासातून थेट फुफ्फुसाच्या टोकाला, वायुकोशांत पोचतात. तिथे मॅक्रोफेज नावाच्या पेशी गस्त घालत असतात. त्या जंतूला गिळतात. बाकी बहुतेक जंतूंची गोष्ट इथेच संपते, कारण गिळलेला जंतू पेशीच्या आतल्या आम्लाच्या पिशवीत जाऊन विरघळतो. टीबीचा जंतू ती पिशवी आपल्यापर्यंत पोचूच देत नाही. ज्या पोलीसचौकीत पकडून नेलं तिथेच पथारी पसरून राहतो म्हणा ना! त्याला घाईही नसते. बाकीचे काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, याला एका वेळेला वीसेक तास लागतात. आपल्या टी पेशींना खबर लागून त्या फुफ्फुसात पोचेपर्यंत काही आठवडे निघून जातात.

मग सुरू होतो वेढा. आपण वसईकर, आपल्याला वेढा समजावून सांगायला नको. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये किल्ल्याला वेढा घातला, सुरुंग लावले आणि मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले. फुफ्फुसातही मॅक्रोफेज, टी पेशी आणि इतर मंडळी जंतूंभोवती कडं करतात. याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. फरक एवढाच, की इथे किल्ला बहुतेक वेळा पडत नाही. वेढा वर्षानुवर्षं चालू राहतो, कधीकधी जन्मभर. लागण झालेल्या शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीच्यांचा वेढा टिकतो आणि त्यांना पत्ताही नसतो. तेव्हा मावशी, प्रतिकारशक्ती महत्त्वाची आहे हे शंभर टक्के मान्य. वेढा घालणाऱ्यांना बळ देणारं एक रसायन संधिवाताची काही औषधं अडवतात. तसं केलं की दबलेला टीबी उठतो, हे २००१ मध्येच नोंदवलं गेलंय.

पण आता नाण्याची दुसरी बाजू. टीबीच्या एक्स-रेमध्ये फुफ्फुसात दिसणारी ती भोकं, त्या पोकळ्या कोण पाडतं? जंतू? मुख्यतः आपणच! चिडलेल्या पेशी जी द्रव्यं सोडतात, ती आपल्याच फुफ्फुसाचा सांगाडा विरघळवतात. गाठीचा मधला भाग पनीरच्या चुऱ्यासारखा होतो, फुटून श्वासनलिकेत येतो, आणि खोकल्यातून जंतू बाहेर. म्हणजे सुरुंग आपलेच आणि तटबंदीही आपलीच. पुरावा हवा? एचआयव्हीमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली असते, त्यांच्या फुफ्फुसात अशा पोकळ्या कमी दिसतात. (त्यांचं बरं असतं असं नव्हे, जंतू त्यांच्या अंगभर पसरतो.) आणि टीबी मेंदूच्या आवरणात गेला, तर डॉक्टर गोळ्यांच्या जोडीला स्टिरॉइड देतात, म्हणजे दाह मुद्दाम दाबतात. त्याने जीव वाचतात. कमी पडली तरी मरण, जास्त झाली तरी नाश. अशा गोष्टीला ‘बूस्ट’ करणार म्हणजे नक्की काय करणार, राव?

हा प्रयोग एकदा होऊन गेलाय. करणारा साधासुधा माणूस नव्हता. १८८२ मध्ये टीबीचा जंतू शोधणारा खुद्द रॉबर्ट कॉख. १८९० मध्ये त्याने ट्युबरक्युलिन नावाचं औषध जाहीर केलं. जंतूंपासून काढलेला अर्क टोचायचा, शरीर पेटून उठणार आणि टीबी बरा होणार. बर्लिनला रुग्णांची रीघ लागली. शरीर खरंच पेटून उठलं. लोकांना जबर ताप आले, काहींचा आजार बळावला, काही दगावले. वर्षभरात फुगा फुटला. ट्युबरक्युलिन आज उरलंय ते हातावर टोचून लागण तपासायच्या चाचणीपुरतं. जिथे कॉख तोंडावर आपटला, तिथे डब्यातली पावडर काय दिवे लावणार?

(माझा अंदाज, पावडर काहीच करत नाही. तीच तिची सगळ्यात चांगली बाजू. वाईट हे, की ती गोळ्यांची जागा घेते.)

आता "बरं वाटतंय, मग गोळ्या कशाला?" याचं उत्तर त्याच वेढ्यात आहे. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधं मिळून भराभर वाढणारे जंतू मारतात. म्हणून खोकला थांबतो, म्हणून बरं वाटतं. उरतात ते गाठींच्या आत, त्या चुऱ्यात, जवळजवळ झोपलेले. औषध तिथे मुश्किलीने पोचतं, आणि बहुतेक औषधं वाढणाऱ्या जंतूवर जास्त चालतात, झोपलेल्यावर कमी. पुढचे चार महिने आहेत ते यांच्यासाठी. कोड ‘माझ्या मशीनवर चालतोय’ म्हणून टेस्टिंग न करता रिलीज केला तर सोमवारी काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. इथे सोमवारी औषधांना दाद न देणारा टीबी येतो. २०१२ च्या सुरुवातीला माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नोंदवलेल्या अशाच रुग्णांनी देश हादरला होता. माहीम आपल्यापासून किती लांब? एक लोकल.

मग प्रतिकारशक्तीसाठी काहीच करता येत नाही का? येतं ना! झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत रेशन्स नावाचा एक मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. टीबी रुग्णांच्या घरच्यांना दर महिन्याला जादा शिधा दिला. माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. डाळ-भात! वेढा कोण मोडतं याची यादी बघा : उपासमार, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू, दगडाच्या खाणीतली धूळ. यातलं एक तरी पावडरीने जातं का?

आणि खरी चीड मला दुसऱ्याच गोष्टीची येते. ‘तुझी इम्युनिटी कमी’ या वाक्यात एक आरोप दडलेला असतो. जणू टीबी झाला हा त्याचाच दोष. जिमला जाणाऱ्या माझ्या मित्राने म्हणून ऑफिसात ‘टायफॉइड’ सांगितलंय. घरी त्याचं ताट वेगळं काढलंय, जे निव्वळ निरुपयोगी आहे, कारण टीबी हवेतून पसरतो, ताटातून नाही. त्याची खोली मात्र बंद. धूळ येते म्हणून खिडकी वर्षभर उघडलेली नाही. ती मी उघडून आलो.

असो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर लाजू नका, थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं फुकट आहेत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी दरमहा १००० रुपयेही मिळतात.

मावशी, तो डबा दुकानदाराला परत करा. त्या पैशांत किती किलो तूरडाळ येते, त्याचा हिशोब मी पोह्यांच्या प्लेटखालच्या कागदावर मांडून ठेवलाय.