आधी अभ्यास, बाकीचे नंतर?

जून महिना आला की आपल्या शनिवारच्या वर्गातील मोठ्या मुलांची हजेरी रोडावते. कारण सर्वांना ठाऊक आहे. विद्यापीठांचे ओपन डे बहुतेक शनिवारीच असतात, आणि इयर ट्वेल्व्हची मुले आईवडिलांबरोबर कोणी लीड्सला, कोणी वॉरिकला, कोणी नॉटिंगहॅमला निघालेली असतात.

तीन वर्षांपूर्वी आम्हीही असेच निघालो होतो. गाडीत थर्मास, पोळीभाजीचा डबा आणि प्रश्नांची यादी. पेशा संगणकाचा, त्यामुळे यादी व्यवस्थित तक्त्यात मांडलेली. प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते, मधले एक वर्ष कंपनीत काम करता येते का, पदवीनंतर नोकऱ्या कुठे लागतात. उत्तरांनी दोन पाने भरली. व्याख्याने संपल्यावर उरलेले तास मुलगी कोणाबरोबर घालवणार, हा प्रश्न मात्र त्यात नव्हता. विद्यार्थी संघाच्या इमारतीत एक हसतमुख मुलगी क्लबांची पुस्तिका वाटत होती. आम्ही ती नम्रपणे परत केली.

सप्टेंबरात तिला वसतिगृहात सोडताना आम्ही तेच सांगितले जे आमच्या वडिलांनी आम्हाला सांगितले होते. "आधी अभ्यास, बाकीचे नंतर. पहिल्या वर्षी असल्या नादाला लागू नकोस." मुलगी आज्ञाधारक निघाली, हे आमचे दुर्दैव. नाताळात घरी आली तेव्हा गुण चांगले होते. एका काकूंनी सहज विचारले, "मैत्रिणी कोण कोण झाल्या ग?" ती गप्प राहिली. रात्री भांडी आवरताना आईला म्हणाली, "सगळ्यांचे ग्रुप ऑक्टोबरमध्येच ठरले. मी जायला लागले तेव्हा कोणालाच नवीन माणूस नको होते." यात विद्यापीठाचा काही दोष नाही. दोष आमच्या सल्ल्याचा.

म्हणून यंदा निघणाऱ्या पालकांना आमचे सांगणे असे की, पहिल्या तीन आठवड्यांतील कार्यक्रमांना अभ्यासाइतकेच महत्त्व द्या. फ्रेशर्स वीक म्हणजे नुसता रात्रीचा धिंगाणा, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. तोही असतो, नाही असे नाही. पण त्याच आठवड्याच्या आसपास फ्रेशर्स फेअर भरते, म्हणजे क्लबांची जत्राच. मोठ्या सभागृहात टेबलांच्या रांगा, फुकट पेने, फुकट पिझ्झा, आणि प्रत्येक टेबलामागे आपल्या छंदासाठी माणसे शोधणारी मुले. बॅडमिंटन, नाटक, वादविवाद, होड्या वल्हवणे, बुद्धिबळ. केंब्रिजमध्ये तर चर्चच्या घंटा वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांची संघटना 1879 पासून आहे. यात हसण्यासारखे काही नाही. सात घंटा वेगवेगळ्या क्रमाने वाजवायच्या तर एकही क्रम पुन्हा न येता 5040 क्रम होतात, आणि ते सगळे वाजवायला सुमारे तीन तास लागतात. गणिताच्या मुलांना याहून चांगला व्यायाम आम्हाला तरी सुचत नाही.

येथे कोणी वडीलधारे रँग्लर परांजप्यांचे नाव काढतील. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. लहानपणी आमच्या घरी अभ्यासाला बसवण्यासाठी हे नाव हमखास वापरले जाई. पण रँग्लर या शब्दाचा अर्थ आम्हाला कोणी सांगितला नव्हता. त्याचा अर्थ आहे हुज्जत घालणारा! जुन्या केंब्रिजमध्ये परीक्षा तोंडी वादविवादाने होत असे, त्यावरून हा शब्द आला. म्हणजे ज्या पदवीचा धाक दाखवून आम्हाला गप्प बसवले, ती मुळात चारचौघांत बोलण्याची होती.

बाबासाहेबांचे उदाहरण मात्र असे सहज बाजूला सारता येत नाही. 1916 मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये अभ्यास अर्धवट सोडून परत गेले, 1920 मध्ये पुन्हा आले आणि 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवली. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते तासन्तास बसत, हे आपण मुलांना सांगतो आणि सांगावेच. पण त्यांच्यापाशी ना पैसा होता ना वेळ, आणि डोक्यावर एका समाजाचा भार होता. आपल्या मुलांना तीन-चार वर्षे स्वस्थपणे मिळतात. त्यांच्या कष्टांचा दाखला देऊन मुलांना एकटे पाडणे आम्हाला पटत नाही.

आता मराठीविषयी. भारतीय विद्यार्थ्यांनी परदेशी विद्यापीठात आपली संस्था काढणे नवे नाही. केंब्रिजची मजलिस 1891 ची आहे. आज बहुतेक मोठ्या विद्यापीठांत इंडियन सोसायटी असते. तिच्या दिवाळीत बॉलीवूड असते, गरबा असतो, भांगडा असतो, आणि मराठी नसते म्हणून आपण घरी बसून नाके मुरडतो. अहो, पण तिथे लेझीम घेऊन कोणी गेले होते का? दहा मुलांना लेझमीची साधी पावले तासाभरात शिकवता येतात. आपल्या वर्गातील कोणीही मोठे मूल ते करू शकेल.

पंचांग आणि विद्यापीठाचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहिले तर गंमत दिसते. यंदा, 2026 मध्ये, गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, म्हणजे बहुतेक मुले अजून घरीच असतील. दसरा 20 ऑक्टोबरला, सत्र ऐन भरात. दिवाळीचे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, तेही रविवारी. संक्रांत पुष्कळ ठिकाणी परीक्षांच्या तोंडावर येते, तिचा नाद सोडावा. म्हणजे विद्यापीठात मराठी दिसायची तर ती दसरा-दिवाळीतच. पण दिवाळीच्या कार्यक्रमात जागा हवी असेल तर इंडियन सोसायटीच्या टेबलावर नाव पहिल्या आठवड्यातच घातले पाहिजे.

वेगळे मराठी मंडळ काढायचे असेल तरी अवघड नाही. काही सभासद, एक अध्यक्ष, एक खजिनदार आणि छोटीशी नियमावली, एवढे बहुतेक विद्यार्थी संघ मागतात. 1994 च्या शिक्षण कायद्याने संघावर असे बंधन आहे की क्लबांना पैसे वाटण्याची पद्धत न्याय्य असावी, लेखी असावी आणि कोणाही विद्यार्थ्याला पाहता यावी. मुलांनो, ती मागून वाचा. लाजू नका.

आणखी एक व्यावहारिक मुद्दा. गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दू यांना जीसीएसई आहे, मराठीला नाही. इतकी वर्षे शनिवारी येऊन शिकलेले प्रमाणपत्रात कुठेच दिसत नाही. पण 2026 च्या प्रवेशापासून युकॅसच्या अर्जात निबंधाऐवजी तीन प्रश्न आले आहेत, आणि तिसरा शिक्षणाबाहेर काय तयारी केली याविषयी आहे. धाकट्यांना बाराखडी शिकवणे, गणेशोत्सवात निवेदन करणे, हे अवश्य लिहा. अट एकच, ते खरोखर केलेले असावे आणि त्यातून काय शिकलो तेही सांगावे.

आमच्या मुलीचे पुढे काय झाले, असे काही जणांनी विचारले आहे. जानेवारीच्या अखेरीस तिच्या विद्यापीठात अशीच जत्रा पुन्हा, जरा लहान, भरली. तिने बॅडमिंटनला नाव घातले. खेळ यथातथाच, पण आता बुधवारी संध्याकाळी तिचा फोन लागत नाही.

या महिन्यात ओपन डेला जाणाऱ्यांना एक विनंती. विद्यार्थी संघाच्या टेबलावरून क्लबांची यादी घ्या आणि पुढच्या शनिवारी वर्गात आणा. कॉफीच्या टेबलामागच्या फलकावर आम्ही ती लावू, आणि मोठ्या मुलांना वाचून दाखवण्याचे कामही आमच्याकडेच राहू द्या.