संतांना सीमेचे दगड करू नका

सीमाभागात प्रत्येक संताच्या कपाळी भाषेचा आणि जातीचा शिक्का मारल्यावाचून कित्येकांना चैन पडत नाही. संत आमचे, तेव्हा त्यांचे चरित्र पडद्यावर आणण्याचा अधिकारही आमच्याच रक्ताचा, असा हा हिशेब आहे. तो आम्हांस मान्य नाही. आणि साक्षीला आम्ही 'प्रभात'चा १९३६ सालचा 'संत तुकाराम' उभा करतो.

निपाणीहून कोल्हापूरच्या वाटेवर कागल लागते. तेथे जन्मलेल्या शेख फत्तेलालांनी विष्णुपंत दामल्यांच्या जोडीने हा बोलपट दिग्दर्शित केला. मुसलमान घरातल्या कलावंताने उभ्या केलेल्या देहूपुढे भाविकांनी हात जोडले. रक्ताचा दाखला मागणाऱ्यांनी आधी या हातांना उत्तर द्यावे.

आणि पडद्यावर कोण दिसले? एकटे तुकोबा नव्हेत. मूल आजारी पडताच हाती वहाण घेऊन विठोबाला जाब विचारणारी जिजाई दिसली. ती साकारणारी गौरी रंगभूमीच्या तालमीत घडलेली नटी नव्हती. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबलेल्या बायकांना या जिजाईची ओळख करून द्यावी लागत नाही. प्रतिनिधित्व म्हणजे डोकी मोजणे नव्हे. ज्याच्या घरी चूल पेटत नाही, त्याच्या तोंडी प्रश्न असणे होय.

तथापि तेवढ्यावर 'प्रभात'ची सुटका होत नाही. आदल्याच वर्षीच्या 'धर्मात्मा'त बालगंधर्वांचे एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवले. १९३५ साली हे धाडसच होते. परंतु ती कथा अखेर नाथांच्या मोठेपणाची. पंक्तीला बसवून घेणाऱ्याची थोरवी कळते, बाहेर ठेवलेल्याचा संताप कळत नाही. चोखोबांनी आणि सोयराबाईंनी स्वतः अभंग रचले होते. म्हणजे वाणी होती. उणीव होती ती तिला मध्यभागी बसवण्याची.

सीमाप्रश्नाचा न्याय मागणे हा आमचा हक्क आहे आणि तो आम्ही सोडलेला नाही. पण १९५६ साली रेघ पडली ती नकाशावर, दिंडीत नव्हे. ज्ञानदेवांनी ज्याला कानडा म्हटले, त्या विठोबाच्या भक्तांकडे कोणत्या तोंडाने भाषेचा परवाना मागावा? संतपट कोणी काढला, हा प्रश्न आता पुरे. त्यात कोणाला बोलू दिले, एवढेच मराठी, कोकणी आणि कानडी प्रेक्षकांनी विचारावे.