कोळसा आमचा, राख आमची, मग चार्जर कुणाचा?

"इलेक्ट्रिक गाडी म्हणजे हैदराबाद-पुण्याचं खूळ, आपल्याकडं नाही चालत ते," हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकतो. मंचेरियलमध्ये वायरिंगची आणि ई-ऑटो, ई-स्कूटर दुरुस्तीची कामं करतो, म्हणून ऐकावंच लागतं. बोलणारे कोण? आपलेच पोट्टे. वांकिडीचे, आसिफाबादचे, राजुऱ्याहून सोयरिकीला आलेले. आज या वाक्याचा समाचार घ्यायचाय.

आधी नकाशा बघा. आपल्या जिल्ह्यात जयपूरला सिंगरेणीचं 1,200 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. गोदावरी ओलांडली की रामगुंडमचं एनटीपीसी. वर चंद्रपूरला महाराष्ट्राचं 2,920 मेगावॅटचं केंद्र. श्रीरामपूरच्या खाणीतला कोळसा आणि राजुऱ्याजवळच्या सास्तीचा कोळसा, दोन्ही गोंडवानाचेच. राज्याची सीमा जमिनीच्या वर आहे, खाली नाही. मोठ्या शहरात ई-बस धावते तेव्हा तिथल्या चौकातला धूर कमी होतो. पण तिची वीज कुठल्यातरी चिमणीखाली तयार होते, आणि या चिमण्या कुणाच्या गावाशेजारी आहेत ते तुम्हाला माहीत आहे. राख आपल्या वाळवणावर पडते. म्हणजे खर्च आपण आधीच भरतोय. फायदा घ्यायची वेळ आली की मात्र आपणच म्हणायचं, आम्हाला नको?

आता एकेक हरकत घेऊ.

पहिली हरकत : "वीज कोळशाचीच ना, मग फरक काय?" हिशेब करा. साधारण ई-स्कूटर एका किलोमीटरला 30 वॅट-तास वीज खाते. तारेतली आणि चार्जरमधली गळती धरून 40 म्हणा. सगळी वीज कोळशाची धरली तर एका युनिटमागे सुमारे 1 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे किलोमीटरला 40 ग्रॅम. देशाच्या एकूण विजेची सरासरी युनिटला सुमारे 0.7 किलो आहे, त्या हिशेबानं 28 ग्रॅम. पेट्रोल स्कूटर लिटरला 45 किलोमीटर देते आणि एक लिटर पेट्रोल जळालं की 2.3 किलो बाहेर पडतो, म्हणजे किलोमीटरला 51 ग्रॅम. अगदी वाईटात वाईट धरलं तरी ई-स्कूटर पुढे आहे, आणि सौर वीज वाढेल तसतशी आणखी पुढे जाईल. पेट्रोलची गाडी दहा वर्षांनीही पेट्रोलच पिणार.

दुसरी हरकत : "आपल्या उन्हात बॅटरी पेटते." ही हरकत मी हसण्यावारी नेत नाही. मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 च्या पुढे जातो आणि लिथियम सेलला उष्णता सोसत नाही. ठोकताळा असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की सेल म्हातारा होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. 2022 च्या उन्हाळ्यात देशात ई-स्कूटर पेटल्याच्या घटना घडल्या, आणि त्यानंतर केंद्रानं एआयएस-156 हे बॅटरी सुरक्षेचं मानक कडक केलं. पण उत्तर "घेऊच नका" हे नाही. उत्तर आहे, काय विचारायचं ते शिका. सेल एनएमसी आहे की एलएफपी? एलएफपी थोडा जड असतो, पण उष्णता जास्त सोसतो आणि पेट घेण्याचा धोका त्यात कमी. बीएमएस प्रत्येक सेलच्या गटाचा व्होल्टेज आणि तापमान बघतो का, की नुसता नावाला बसवलाय? आणि दुपारी दोनला तापलेली गाडी आणून तशीच चार्जिंगला लावायची नाही. तासभर सावलीत थंड होऊ द्या, जमलं तर रात्री लावा. एवढं सांगायला इंजिनिअर लागत नाही. पण विकणारा सांगत नाही, आणि सोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत ते इंग्रजीत बारीक अक्षरात असतं.

तिसरी हरकत : "चार्जर कुठाय?" ही सगळ्यात खरी. म्हणूनच रागवायचं असेल तर इथं रागवा.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं होतं की महामार्गावर दोन्ही बाजूंना दर 25 किलोमीटरला एक चार्जिंग स्टेशन हवं. महाराष्ट्राच्या 2025 च्या धोरणातही 25 किलोमीटरचाच शब्द आहे. मंचेरियलहून आसिफाबाद, वांकिडीमार्गे महाराष्ट्राच्या सीमेपर्यंत राष्ट्रीय महामार्ग 363 साधारण 95 किलोमीटर भरतो. हिशेबानं प्रत्येक बाजूला किमान तीन-चार स्टेशनं झाली. एकदा गाडी घेऊन निघा आणि मोजा. नुसता फलक मोजू नका, प्लग लावून बघा, वीज येते का.

आणि स्टेशन असलं तरी ते कुणासाठी? महामार्गावरचा जलद चार्जर सहसा सीसीएस-2 प्लगचा असतो, म्हणजे कारसाठी. आपल्याकडं कार किती जणांकडं आहे? आपण स्कूटर आणि ऑटोवाले. दुचाकीचं तर असं की एका कंपनीचा जलद चार्जर दुसरीच्या गाडीला बसेलच याची खात्री नाही. 2023 मध्ये भारतीय मानक ब्युरोनं हलक्या गाड्यांसाठी एका समान प्लगचं मानक काढलं, पण ते सगळ्यांनी वापरलंच पाहिजे अशी सक्ती केली नाही. त्याआधी 2021 मध्ये सरकारी शास्त्रज्ञ आणि उद्योगांनी मिळून 3 किलोवॅटच्या स्वस्त चार्जिंग पॉइंटचं मानक आखलं. किंमत 3,500 रुपयांच्या आत ठेवायचं लक्ष्य होतं. किराणा दुकानाच्या भिंतीला, बसस्थानकाच्या खांबाला लावता येईल अशी वस्तू. आपल्याला लागतो तो चार्जर हाच. साठ किलोवॅटचा खांब आमदाराच्या हस्ते उद्घाटनाला बरा दिसतो, पण ऑटोवाल्याचं पोट भिंतीवरच्या पॉइंटवर भरेल.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नाही. चार्जिंग स्टेशन चालवायला विजेचा परवाना लागत नाही. ही वीजविक्री नसून सेवा आहे, असा खुलासा केंद्रानं एप्रिल 2018 मध्येच केलाय. म्हणजे तुमच्या बापाच्या टपरीवर हा धंदा होऊ शकतो. फक्त अर्थिंग नीट करा. मी घराघरात बघतो, सॉकेटला तीन भोकं असतात आणि तिसऱ्याला तारच नसते. पंखा, टीव्ही त्यावर चालून जातात. पण अर्थिंगशिवाय तीन-चार तास चार्जर लावून ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. सोबत 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. बॅटरीच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही.

आता सीमेचा काच. तेलंगणानं नोव्हेंबर 2024 मध्ये इथं नोंदलेल्या ई-गाड्यांना रोड टॅक्स आणि नोंदणी शुल्क माफ केलं. महाराष्ट्राच्याही सवलती आहेत. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 47 म्हणतं, गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथं नवी नोंदणी करा. शेत एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात असलेल्या माणसानं काय करायचं? यावर तोड म्हणून 2021 मध्ये 'बीएच' क्रमांक आले. ते कुणाला मिळतात? सरकारी कर्मचाऱ्यांना, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरांना. जो माणूस रोज सकाळ-संध्याकाळ सीमा ओलांडतो, त्याला नाही. दिल्लीला बदलीचा साहेब दिसतो, जिवतीचा शेतकरी दिसत नाही.

शेवटचा मुद्दा कामाचा. खाणीतली नोकरी आपल्या बापांना मिळाली तशी आपल्याला मिळणार नाही, हे घरोघरी माहीत आहे. ई-गाड्या वाढतील तसे मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी पॅक उघडून दुरुस्त करणारे हात लागतील. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आलाय. पण मराठी शाळेतून दहावी झालेला पोरगा पहिल्याच महिन्यात तेलुगू आणि इंग्रजीच्या मध्ये अडकतो. इथं मी आपल्याच लोकांशी भांडणार आहे. आपण मराठी म्हटलं की पाटीसाठी भांडतो. पाटी हवीच. पण वर्कशॉपमध्ये मराठी कधी मागितली? आणि मागताना कुणी 'विद्युतघट व्यवस्थापन प्रणाली' असलं काही देत असेल तर हात जोडा. बीएमएसला बीएमएसच म्हणू दे, पण तो काय करतो ते पोराला कळेल अशा मराठीत सांगा.

पैसा नाही म्हणतील. 2015 च्या खाण कायदा दुरुस्तीनं प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज निधी झालाय, तो खाणबाधित गावांसाठीच आहे. त्याच्या प्राधान्याच्या यादीत कौशल्य विकास स्पष्ट लिहिलाय. मंचेरियलला हा निधी आहे, चंद्रपूरलाही आहे.

तर मागण्या चार. खाणबाधित गावांत भिंतीवरचे स्वस्त चार्जिंग पॉइंट आणि पक्कं अर्थिंग. खनिज निधीतून ई-वाहन दुरुस्तीचं प्रशिक्षण, मराठी समजावणीसह. सीमाभागातल्या रहिवाशांना दोन्ही राज्यांत चालेल अशी एकच नोंदणी. आणि महामार्ग 363 वर चालू असलेल्या चार्जरची जाहीर यादी.

पहिली यादी आपणच करू. येत्या रविवारी ज्याच्याकडं गाडी आहे त्यानं आपल्या गावापासून सीमेपर्यंत जावं, प्रत्येक चार्जरचं ठिकाण, प्लगचा प्रकार आणि चालू की बंद एवढं लिहून खाली टाकावं. जिल्हाधिकाऱ्यांकडं जाताना हातात नुसतं निवेदन नको, हा कागद हवा.