ओझरचे विमान, सुनाबेड्याचे इंजिन

नाशिकजवळच्या ओझरहून झेपावणारे सुखोई विमान आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पण ज्या इंजिनांच्या बळावर ते उडते, ती ओझरला होत नाहीत. मिग विमानांचे काम हाती घेताना सरकारने त्याची वाटणी केली. सांगाडा ओझरला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला आणि इंजिन ओडिशातील सुनाबेडा येथे. हे गाव कोरापुट जिल्ह्यातले. नव्या रायपूरकडून विशाखापट्टणमला जाणारा नवा द्रुतगती मार्ग आखला आहे, तो याच डोंगराळ जिल्ह्यातून.

मिग-२१ विमाने २०२५ साली हवाई दलातून निवृत्त झाली. सुनाबेड्याचे काम मात्र वाढले आहे. ९ सप्टेंबर २०२४ रोजी सुखोईच्या २४० इंजिनांचा करार झाला. किंमत २६,००० कोटी रुपयांहून अधिक, मुदत आठ वर्षे. म्हणजे वर्षाला तीस इंजिने. एका सुखोईला दोन इंजिने लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे मागणी एवढी का, ते उमजेल.

एवढे काम निघाले की घरोघरी एकच विचारणा होते : माणसे किती घेणार? आम्हांला वाटते, कशी माणसे घेणार, हे आधी विचारावे. इंजिनातील टर्बाइनचे पाते हजार अंशांहून तप्त अशा वायूच्या झोतात गरगर फिरते. त्याच्या मापात केसाएवढी चूकही खपत नाही. असा हात दोन-चार महिन्यांत तयार होत नाही. त्यामागे जुन्या कारागिराशेजारी उभे राहून काढलेली वर्षे असतात.

आणि येथेच एक अवघड गोष्ट आहे. ज्यांच्या जमिनी या कारखान्याखाली गेल्या, त्यांत आदिवासी कुटुंबे होती. त्यांची नातवंडे आज कामाच्या वयाची आहेत. वाढीव काम बाहेरून आलेल्या शिकलेल्यांनाच मिळाले, तर त्या घरांनी विस्ताराचे कौतुक कोणत्या तोंडाने करावे? शिक्षणाची सोय आधी त्यांच्या दारी पोहोचली पाहिजे.

आपल्या घरी आय.टी.आय. झालेला मुलगा वा मुलगी असेल, तर फिटर, टर्नर, मशिनिस्ट यांच्या उमेदवारीच्या जाहिराती पाहत जावे. ही उमेदवारी १९६१ च्या कायद्यानुसार चालते. तिच्यात विद्यावेतन मिळते; कायम नोकरीचे वचन मात्र त्यात नसते, हे मुलांना आरंभीच सांगावे.