पिनोकिओची भूक

डिस्नेचा ‘पिनोकिओ’ आपल्याला आवडतो, असं चारचौघांत म्हणायची सोय राहिलेली नाही. कुणीतरी जाणकार लगेच गाठतो आणि विचारतो, ‘मूळ पुस्तक वाचलंय का?’ मग यादी सुरू होते. मूळ पुस्तकात तो उपदेशी रातकिडा चौथ्याच प्रकरणात लाकडी हातोड्याखाली चिरडला जातो. शेगडीवर पाय टाकून झोपलेल्या लाकडी पिनोकिओचे पाय जळून जातात. पंधराव्या प्रकरणात त्याला ओकच्या झाडाला फासावर लटकवतात. यादी खरी आहे. पण तिच्यावरून हे लोक जो निकाल देतात, की पुस्तक काळंकुट्ट आणि चित्रपट म्हणजे त्यावर ओतलेला साखरेचा पाक, तो मला सपशेल नामंजूर आहे.

आधी पाकाचं बघू. 1940चा हा चित्रपट मी लहानपणी पाहिला, त्या रात्री झोपण्यापूर्वी दोनदा कान चाचपून पाहिले होते. लॅम्पविक नावाचा तो उनाड पोरगा गाढव होतो तो प्रसंग आठवा. भिंतीवर सावली बदलते, पिनोकिओला धरलेल्या हातांचे खूर होतात, आईला मारलेली हाक अर्ध्यावरच गाढवाचं ओरडणं बनते. पुढे पिनोकिओ निसटतो, खरा मुलगा होतो, सगळे नाचतात. त्याच्यासारखीच गाढवं झालेली ती बाकीची पोरं? त्यांना सोडवायला कुणी परत जात नाही. त्यांना विकणाऱ्या गाडीवानाच्या केसालाही धक्का लागत नाही. याला गोड म्हणणाऱ्याची जीभ एकदा तपासून घ्यावी.

आता मूळ पुस्तकातली ‘भयानक’ माणसं पाहा. चित्रपटातला कळसूत्री खेळांचा मालक स्ट्राँबोली पिनोकिओला पिंजऱ्यात कोंडतो आणि उपयोग संपला की तुझं सरपण करीन म्हणून धमकावतो. पुस्तकातला मांजाफोकोही सरपणाची भाषा करतो, पण त्याला दया आली की शिंका येतात, आणि शेवटी तो पाच सोन्याची नाणी हातावर ठेवून पोराला घरी पाठवतो. चित्रपटातला देवमासा खवळून पाठलाग करतो. पुस्तकातला महाकाय शार्क म्हातारा आणि दमेकरी आहे. श्वास घेता यावा म्हणून तो तोंड उघडं टाकून झोपतो, आणि त्याने गिळलेले बापलेक, पिनोकिओ आणि त्याला कोरून घडवणारा जेपेत्तो, त्याच्या जिभेवरून चालत बाहेर येतात. भीती कुणी वाढवली आणि कुणी हसण्यावारी नेली, हे ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरा आक्षेप जरा विद्वानांचा. त्यांचं म्हणणं असं, की मूळ लेखक कार्लो कोलोदीची खरी कथा फाशीपाशीच संपते, पुढचं सगळं वाचकांच्या आग्रहापायी केलेली तडजोड. यात तथ्य आहे. ‘जोर्नाले पेर इ बांबिनी’ या मुलांच्या साप्ताहिकात ही कथा जुलै 1881मध्ये सुरू झाली, फाशीवर थांबली, आणि छोट्या वाचकांच्या मागणीवरून फेब्रुवारी 1882मध्ये पुन्हा सुरू झाली. शेवटचा हप्ता जानेवारी 1883चा, आणि त्याच वर्षी पुस्तक निघालं. पण फाशीनंतरचं फाडून टाका म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. खोटं बोललं की नाक वाढतं, हा प्रसंग सतराव्या प्रकरणातला आहे. त्याआधी तिसऱ्या प्रकरणात नाक वाढतं खरं, पण तेव्हा पोराने तोंडही उघडलेलं नसतं. जेपेत्तो कोरत असतानाच ते आपलं लांबत जातं. म्हणजे ‘अस्सल’ पिनोकिओमध्ये जगाला ठाऊक असलेलं नाकच नाही. गाढवं नाहीत, शार्क नाही. असल्या अस्सलपणाला लांबूनच नमस्कार.

मग पुस्तकात वेगळं आहे तरी काय? माझं उत्तर एका शब्दाचं आहे: भूक.

चित्रपटातल्या जेपेत्तोचं घर घड्याळांनी आणि संगीतपेट्यांनी भरलेलं. लाडाचं मांजर आहे, काचेच्या भांड्यात मासोळी आहे, उणीव फक्त मुलाची. कोलोदीच्या जेपेत्तोकडे भिंतीवर रंगवलेला विस्तव आहे आणि त्यावर रंगवलेलंच पातेलं, त्यातून निघणारी वाफसुद्धा रंगाची. त्याला बाहुला कशासाठी हवा? तो घेऊन गावोगाव फिरावं, भाकरीचा तुकडा आणि पेलाभर वाइन सुटावी, एवढ्यासाठी. भुकेने कासावीस झालेला पिनोकिओ त्या पातेल्याचं झाकण उघडायला जातो, तेव्हा हसू येतं आणि लगेच लाज वाटते. पुढे जेपेत्तो स्वतःच्या न्याहारीची तीन नासपती त्याला देतो. पोरगं आधी सोलून द्या म्हणून हटून बसतं, आणि मग मुकाट्याने सालं आणि गाभेही खातं.

कोलोदी, म्हणजे कार्लो लोरेन्झिनी, फ्लॉरेन्समधल्या एका बड्या घराच्या आचाऱ्याचा मुलगा. त्याने शाळेची पुस्तकंही लिहिली होती. इटली 1861 साली एक झाली आणि 1877च्या कायद्याने सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. आता चित्रपटात शाळेच्या पहिल्या सकाळी जेपेत्तो मुलाच्या हाती पुस्तक आणि सफरचंद देतो. पुस्तकात तो बर्फ पडत असताना बाहेर जातो आणि अंकलिपी घेऊन सदऱ्यावरच परततो. कोट कुठे गेला? विकला, म्हणतो, फार उकडत होतं. सरकारी सक्ती आणि बापाचा कोट यांचं नातं इतक्या थोड्या शब्दांत सांगणारा दुसरा बालसाहित्यिक मला माहीत नाही.

‘पण हे पुस्तक म्हणजे आज्ञाधारकपणाचं कीर्तन आहे,’ असाही एक पूर्वपक्ष आहे. थोडा मान्य. उत्तरार्धात उपदेश फार होतो, आणि पोराला पश्चात्ताप व्हावा म्हणून स्वतःच्या मृत्यूचा लेख कोरलेला दगड मागे ठेवणाऱ्या त्या निळ्या केसांच्या परीची वकिली मी करणार नाही. पण कीर्तनकार गोरिला न्यायाधीश कशाला उभा करील? पिनोकिओ त्याच्याकडे चोरीची फिर्याद घेऊन जातो. न्यायाधीश सहानुभूतीने सगळं ऐकतो आणि सांगतो, या बिचाऱ्याचे पैसे लुबाडले गेलेत, सबब याला तुरुंगात टाका. चार महिन्यांनी माफी जाहीर होते, तीही फक्त बदमाशांना. मीही बदमाशच आहे, असं पिनोकिओ सांगतो तेव्हा तुरुंगाधिकारी टोपी काढून अदबीने दार उघडतो. शहाण्यासारखं वागलं की भलं होतं, हे इथे कुठे बसतं?

शेवटाबद्दल मात्र माझी चित्रपटावर खरी तक्रार आहे. तिथे बापासाठी जीव ओवाळून टाकला की निळी परी येते आणि लाकडी बाहुल्याचा खरा मुलगा होतो. पुस्तकात आजारी बापाला पेलाभर दूध हवं आहे आणि खिशात दमडी नाही. जान्जो नावाचा मळेवाला म्हणतो, रहाटाने शंभर बादल्या पाणी काढ, मग दूध देतो. पिनोकिओ घामाघूम होऊन काढतो. मळेवाला सहज सांगतो, हे काम आजवर माझं गाढव करायचं, आता ते मरायला टेकलंय. पिनोकिओ गोठ्यात जातो, गाढवांच्या बोलीत त्याला नाव विचारतो. तो लुचिन्योलो निघतो, चित्रपटातला लॅम्पविक. नाव सांगतो आणि प्राण सोडतो. हा माझा शाळेतला मित्र, असं पिनोकिओ म्हणतो तेव्हा मळेवाला खो खो हसतो.

आणि दुसऱ्या दिवशी, तांबडं फुटायच्या आधी, पिनोकिओ त्याच रहाटावर हजर असतो. पेलाभर दुधासाठी, पाच महिन्यांहून जास्त.